सिलेंडर संपत आला की वास येणारच? एका मेसेजचा समाचार

उन्हाळा लागला की अपार्टमेंटच्या आणि भिशीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. "गॅसचा वास येतोय? घाबरू नका!" अशी सुरुवात, खाली हिरव्या खुणांची यादी आणि शेवटी "आपल्या माणसांना नक्की पाठवा". यादी थोडक्यात अशी: सिलेंडर संपत आला की वास येतोच, ती गळती नव्हे. वास नाही म्हणजे गळती नाही. वास येत असून मेकॅनिकला काही सापडलं नाही तर तो टाळाटाळ करतोय. गॅस हलका असतो, वर जातो. एक्झॉस्ट फॅन लावला की निघून जातो. गळतीची जागा शोधायला पेटती उदबत्ती फिरवा. ज्योत पिवळी आणि वास उग्र म्हणजे गॅसमध्ये भेसळ. आणि सिलेंडरवरची तारीख उलटली की तो फुटू शकतो.

यातलं निखालस खोटं पकडायला सोपं आहे. जास्त धोका अर्ध्या खऱ्या वाक्यांचा, कारण ती अनुभवाला पटतात. मी रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळं पहिल्या मुद्द्यावर जरा रेंगाळणार आहे.

"सिलेंडर संपत आला की वास येतोच"

यातला खरा भाग आधी मान्य करू. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. दोघांनाही नाकाला कळेल असा वास नाही. आपल्याला येतो तो वास मुद्दाम घातलेल्या इथाइल मरकॅप्टनचा, म्हणजे गंधकाच्या एका संयुगाचा, आणि तेही अगदी किंचित मिसळलेलं असतं. टाकीत दाबाखाली हे सगळं द्रवरूपात असतं. नॉब फिरवला की द्रवावरची वाफ बाहेर येते. आता प्रोपेन उकळतो उणे ४२ अंश सेल्सिअसला, ब्युटेन शून्याच्या आसपास, मरकॅप्टन मात्र ३५ अंशांना. जे चटकन उडतं ते आधी निघून जातं आणि मरकॅप्टन मागं राहतं. त्यामुळं तळाशी उरलेल्या द्रवात त्याचं प्रमाण वाढतं आणि शेवटच्या दिवसांत येणारी वाफ जास्त उग्र असते. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

पण ही उग्र वाफ तुमच्या नाकापर्यंत आली कुठून? टाकी भरलेली असो की संपत आलेली, गॅसची वाट टाकी, रेग्युलेटर, नळी, शेगडी अशी बंदच असायला हवी. बर्नरवर ज्योत नीट पेटलेली असेल तर मरकॅप्टन तिथंच जळून जातं, वास उरत नाही. शेगडी बंद असेल तर गॅस बाहेरच येत नाही, म्हणून वास नाही. नॉब फिरवल्यापासून लायटरची ठिणगी पडेपर्यंत मध्ये जो क्षण जातो, तेवढ्यात थोडा गॅस न जळता सुटतो. टाकी संपत आली की त्या क्षणाचा भपकारा जास्त झोंबतो. सूट द्यायची तर एवढीच. "संपत आलंय वो, म्हणून येतंय," असं म्हणून दिवसभर येणारा वास सहन करणारी घरं मी पाहिली आहेत. तिथं गळती आधीपासून असते. शेवटच्या दिवसांत मरकॅप्टन वाढल्यामुळं ती नाकाला कळते, एवढंच. मग नवी टाकी लागते, वास कमी होतो, आणि मेसेज खरा ठरला असं सगळ्यांना वाटतं.

तेव्हा वास किती उग्र आहे यापेक्षा तो केव्हा येतो हे बघा. सगळे नॉब बंद, रेग्युलेटरही बंद, तरी टाकीजवळ वास येतोय: बिघाड बहुधा टाकीच्या व्हॉल्व्हमध्येच आहे. रेग्युलेटर काढा, पांढरी सेफ्टी कॅप दोरीसकट व्हॉल्व्हवर घट्ट बसवा आणि फोन करा. रेग्युलेटर चालू केल्यावरच येतो, शेगडी मात्र बंद: मग संशयित चार, व्हॉल्व्हच्या आतली काळी रबरी ओ-रिंग, रेग्युलेटर स्वतः, नळी आणि शेगडीचे नॉब. नवी टाकी लावल्या लावल्या वास सुरू झाला तर पहिला संशय ओ-रिंगवर. ती चिरलेली असते, कधी कधी जागेवर नसतेच. टाकी आणून देणाऱ्याकडून व्हॉल्व्ह आणि ओ-रिंग समोर तपासून घेण्याचा तुमचा हक्क आहे, तो दारातूनच निघून जायच्या घाईत असला तरी. पेटवताना भपकारा येतो आणि मग जातो: बर्नरची छिद्रं तुंबलेली असतील, किंवा लायटर म्हातारा झाला असेल.

हाच मुद्दा पुढं नेऊन काही जण संपत आलेली टाकी आडवी करतात, हलवतात, गरम पाण्याच्या परातीत ठेवतात. आडव्या टाकीतून वाफेऐवजी द्रव रेग्युलेटरकडं जाऊ शकतो, आणि घरगुती रेग्युलेटर व शेगडी द्रवासाठी बनवलेलीच नाहीत. ज्योत अचानक भडकते ती यामुळंच. चहापुरता गॅस वाचवायला एवढं करू नये.

"वास नाही म्हणजे गळती नाही"

गॅसला वास देण्याचा नियम सहज सुचलेला नाही. १८ मार्च १९३७ ला अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू साठत गेला आणि स्फोट झाला. सुमारे ३०० जण गेले, त्यांतली बहुतेक मुलं. त्यानंतर तिथं गॅसला वास देणं कायद्यानं सक्तीचं होत गेलं. आपल्या सिलेंडरमध्ये मरकॅप्टन इतकं असावं लागतं, की हवेत गॅस पेट घेण्याजोगा होण्याच्या बऱ्याच आधी, त्या पातळीच्या पाचव्या भागावरच, नाकाला कळावं.

मात्र त्यासाठी नाक जागं हवं. एकाच वासात काही मिनिटं बसलं की नाक तो कळवणं बंद करतं. स्वयंपाकघरात तासभर असलेल्या बाईला जे जाणवत नाही ते बाहेरून आलेल्या मुलाला दारातच कळतं. मुलगा "कसला वास येतोय गं?" म्हणाला तर "काही नाही" असं उत्तर देण्याआधी रेग्युलेटर बंद करावा. सर्दी, सायनस, तंबाखूची मिश्री, कोविडनंतर गेलेला वास आणि साधं वय, या सगळ्यांनी नाक मंदावतं. घरात एकटे राहणारे आजी-आजोबा असतील तर केवळ त्यांच्या नाकाच्या भरवशावर राहू नका. सिलेंडरच्या आतल्या गंजामुळंही मरकॅप्टनचा वास उतरू शकतो. आणि कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही, त्याचं पुढं येईलच.

साबणाचं पाणी याच कामासाठी असतं. वास सौम्य असेल, आसपास काहीही पेटतं नसेल, तेव्हा शेगडीचे नॉब बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि व्हॉल्व्हचा सांधा, नळीची दोन्ही टोकं, नळीची पूर्ण लांबी, नॉबची मुळं यांवर फेसाळ पाणी ब्रशनं लावा. बुडबुडे वाढत गेले ती जागा सापडली. सापडल्यावर तिथं एम-सील, चिकटपट्टी, सुतळी असले उपाय नकोत; रेग्युलेटर बंद करायचा आणि भाग बदलून घ्यायचा. वास भरून राहिला असेल तर हा प्रयोगही करायचा नाही.

"मेकॅनिकला सापडलं नाही म्हणजे तो टाळतोय"

मेसेजमधलं हे वाक्य मला सगळ्यांत अन्यायाचं वाटतं. साबणपाण्यानं प्रत्येक सांधा तपासून गळती नाही असं माणूस सांगत असेल, तर वास दुसरीकडून येत असण्याची शक्यता भरपूर आहे. आणि आमच्या सोलापुरात अशा जागांची कमतरता नाही.

पहिली जागा कांद्याचं पोतं. आपल्या बाजार समितीत कांद्याची मोठी आवक. भाव पडला की घरोघरी पोती येतात आणि कट्ट्याखाली, नेमकी टाकीशेजारी, ठेवली जातात. तळातले दोन कांदे सडले की जो वास सुटतो तो गंधकाच्याच संयुगांचा, मरकॅप्टनचा सख्खा भाऊबंद. नाकाला फरक करणं खरंच अवघड जातं. बटाट्याचंही तसंच. पोतं बाहेर ओता, वास गेला तर मेकॅनिकची माफी मागा.

दुसरी जागा मोरी. इथं नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळं पिंपं भरून जपून वापरायची सवय अंगात मुरलेली. बाल्कनीतल्या किंवा पाहुण्यांच्या बाथरूममधल्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो. त्यात अडकून राहिलेलं पाणी गटारातला वायू वर येऊ देत नाही. मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढं गेला आणि त्या जाळीवर आठवडाभर पाणी पडलं नाही, की ते पाणी आटतं आणि गटारातला हायड्रोजन सल्फाइड घरात येतो. वास सडक्या अंड्याचा. लोक सुट्टीला गावी जाऊन परत येतात, कुलूप उघडतात, आणि थेट गॅस एजन्सीला फोन लावतात. आधी रेग्युलेटर आणि दारं-खिडक्या बघणं योग्यच, पण त्यानंतर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून बघा.

ज्योत पेटलेली असतानाच विचित्र, डोळ्यांना चुरचुरणारा वास येत असेल तर त्याचं कारण बऱ्याचदा गॅसमध्ये नसून हवेत असतं. शेगडी खोलीतली हवा ओढून घेते आणि हवेत जे तरंगतं ते ज्योतीत जळतं. दिवाळीआधी दाराला ऑइलपेंट दिलेला असतो, फर्निचरला पॉलिश, शेजारी वाळवीची फवारणी. कपाटात डांबरगोळ्या असतात. नुसते असताना हे वास ओळखू येतात, जळाले की अनोळखी होतात. रंगकाम चालू असताना खिडकी उघडी ठेवून स्वयंपाक करा, दोन-चार दिवसांत वास आपोआप जातो. नव्या कोऱ्या शेगडीला पहिल्या एक-दोन वेळा येणारा तेलकट वास हा बर्नरवरच्या संरक्षक तेलाचा, त्यात काही नाही.

जळक्या रबराचा किंवा प्लॅस्टिकचा वास मात्र अंगावर काढायचा नाही. शेगडी ताबडतोब बंद. नळी शेगडीच्या मागून वळताना तापलेल्या पत्र्याला टेकलेली असते, किंवा नॉब वितळत असतो. कट्ट्याखाली धान्य असेल तर उंदीर असतातच, आणि त्यांना नळी कुरतडायला आवडते. नळीवर दातांचे ओरखडे दिसले तर साबणपाण्याचीही वाट बघू नका.

आणि एक जागा कुणाच्या लक्षातच येत नाही: मिक्सरचा सॉकेट. शेंगाचटणी कुटायला उखळ आहे कुठं आता, मिक्सर घरघरत राहतो. सैल पिन तापली की आतलं प्लॅस्टिक मासळीसारखा वास सोडतं. शेगडीशेजारीच प्लग असल्यामुळं आळ गॅसवर येतो.

"गॅस हलका, वर जातो, एक्झॉस्ट लावा"

सरळ उलटं. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. सिलेंडरचा गॅस सुटला की पाण्यासारखा जमिनीवर पसरतो, कट्ट्याखाली साचतो, उंबरठ्यावरून पुढच्या खोलीत जातो, मोरीच्या जाळीतून खालीही उतरतो. वर बसवलेला पंखा खालच्या थराला फारसा हात लावत नाही. हलका असतो तो पाइपलाइनचा गॅस, कारण तो मुख्यतः मिथेन. मेसेज लिहिणाऱ्यानं दोन गॅसांची गल्लत केलेली दिसते.

पंख्याचा खरा धोका बटणात आहे. हवेत गॅसचं प्रमाण साधारण २ ते ९ टक्क्यांच्या मध्ये असलं की एक ठिणगी पुरते, आणि बटण दाबताना आत ठिणगी पडतेच; चालू करतानाही, बंद करतानाही. द्रव गॅस एक लिटर सुटला तर त्याची जवळपास २५० लिटर वाफ होते. छोट्या स्वयंपाकघरातली बहुतेक सगळी हवा पेट घेण्याजोगी करायला तेवढी पुरेल. टाकीत असतो १४.२ किलो.

म्हणून वास भरलेला असेल तर लाइट लावायचा नाही, आणि लागलेला असेल तर मालवायचाही नाही. रेग्युलेटर बंद, देवापुढचा दिवा विझवलेला, दारं-खिडक्या उघड्या, विशेषतः जमिनीपर्यंत जाणारी दारं. फ्रिजचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो, त्यात आपली परवानगी तो घेत नाही. मेन स्विच घराबाहेर जिन्यात असेल तर तिथून वीज तोडा, घरात असेल तर हात लावू नका. माणसं बाहेर आली की बाहेरूनच १९०६ ला फोन करा. एलपीजी गळतीसाठीचा हा नंबर चोवीस तास चालू असतो.

जड गॅसचा आणखी एक अर्थ असा, की टाकी बंद कपाटात ठेवत असाल तर कपाटाला खाली, जमिनीलगत, जाळी हवी. मॉड्युलर किचनवाले ती जाळी दिसायला बरी नाही म्हणून गाळतात. भांडून लावून घ्या.

"उदबत्ती फिरवा"

नको. पेटती काडी नको, मेणबत्ती नको, उदबत्तीही नको. पूर्वीचे लोक असं करायचे हे खरं असेल. पूर्वीचे जे लोक हे सांगायला उरले त्यांच्याकडूनच आपण ते ऐकतो.

"पिवळी ज्योत म्हणजे भेसळ"

निळी ज्योत म्हणजे गॅसला पुरेशी हवा मिळतेय. पिवळी, लांबट, भांड्याचं बूड काळं करणारी ज्योत म्हणजे हवा कमी पडतेय, आणि जवळपास प्रत्येक वेळी दोष शेगडीत असतो. आपल्याकडं तर कारण समोरच दिसतं. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून थेट जाळावर शेकायची, कडक करायची असेल तर जास्तच वेळ. प्रत्येक भाकरीमागं चिमूटभर पीठ बर्नरवर झडतं. मंगळवेढ्याची नावाजलेली मालदांडी ज्वारी असली म्हणून ते झडायचं थांबत नाही. पीठ जळतं त्याचा करपट वास, त्यात मधूनमधून नारिंगी ठिणग्या, आणि काही दिवसांनी छिद्रं बंद. वर कधी उतू गेलेलं दूध, कधी आमटी. बर्नरखालच्या, गॅस आणि हवा मिसळणाऱ्या नळीत झुरळ किंवा पाल मरून पडली तरी ज्योत बिघडते आणि वास तर विचारूच नका.

बर्नर गार झाल्यावर काढून गरम पाण्यात भिजवा, ब्रशनं घासा, छिद्रं सुईनं मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. ओला बर्नर लावला की ज्योत फडफडते आणि पुन्हा भेसळीची शंका येते. खालच्या पितळी जेटमध्ये, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडात, मात्र सुई खुपसू नका. त्याचं छिद्र रुंदावलं तर गॅस जास्त आणि हवा कमी, म्हणजे दुखणं कायमचं. एवढं करूनही ज्योत पिवळीच राहिली तर मेकॅनिककडून हवेची झडप जुळवून घ्या.

टाकीत पाणी भरतात, अशी कुजबुज असते. पाणी द्रव गॅसपेक्षा जड, ते तळाशी बसेल; ज्योत पिवळी करायला वर येणार नाही. चोरीची शंका असेल तर वजन करून घ्या. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. काटा पोचवणाऱ्याकडं असायला हवा.

पिवळ्या ज्योतीची खरी काळजी वेगळीच आहे. अर्धवट जळलेल्या गॅसमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, तो नाकाला अजिबात कळत नाही. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि माणूस ते उन्हावर ढकलतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरनं जीव जातात ते याच वायूनं; तिथं वासाची वाट बघण्यात अर्थ नाही, गिझर बाथरूमच्या बाहेरच हवा.

"तारीख उलटली की टाकी फुटते"

टाकीच्या कड्याखालच्या पट्टीवर ए, बी, सी किंवा डी आणि पुढं दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आकडे वर्षाचे. ती टाकीची पुढची दाबचाचणी केव्हा करायची याची तारीख आहे, त्या दिवशी टाकी फुटत नाही. उलटलेली तारीख दिसली तर टाकी घेऊ नका, बदलून मागा. घरात आलीच असेल तर रात्रभर जागायचं कारण नाही.

घरात खरोखर मुदत संपते ती नळीची. केशरी रंगाच्या, आत तारेची जाळी असलेल्या सुरक्षा होजवर आयएसआयचा शिक्का आणि तारीख छापलेली असते आणि तिचं आयुष्य पाच वर्षं धरतात. कातडं घातलेली, कपड्यानं झाकलेली, खिळ्यांनी भिंतीला ठोकलेली नळी मी बघतो तेव्हा वाटतं, हा मेसेज पाठवणाऱ्यानं हा एक मुद्दा लिहिला असता तरी चाललं असतं. छपाई बहुतेक वेळा भिंतीकडच्या बाजूला गेलेली असते. रेग्युलेटर बंद करा, नळी थोडी पुढं ओढा, बॅटरीच्या उजेडात वाचा.